आरामाची रंगीत तालीम

ज्या गोष्टीची आधी तालीम झालेली नाही ती गोष्ट ऐन वेळी धड होत नाही, असं शिट्टीसाहेबांचं मत होतं. मत कसलं, पोटापाण्याचा धंदाच होता तो. रंगाच्या कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. अधूनमधून भोंगा वाजवायचा, हातातलं काम टाकायला लावून सगळ्या कामगारांना मैदानात जमवायचं, गळ्यातल्या शिट्टीने त्यांच्या रांगा लावायच्या, डोकी मोजायची आणि सगळ्यात शेवटी आलेला माणूस खऱ्या आगीत कसा होरपळला असता हे त्याला सर्वांसमक्ष समजावून सांगायचं, हे त्यांचं काम. कारखान्याला आजवर आग लागली नव्हती. हा तालमींचा परिणाम, असं साहेब म्हणत. आगीत जळालं नसतं तेवढं काम तालमींत जळतं, असं व्यवस्थापक म्हणत. कामगार काहीच म्हणत नसत. त्यांनी फक्त 'शिट्टीसाहेब' हे नाव ठेवलं होतं, आणि ते साहेबांच्या आधी त्यांच्या इमारतीत पोचलं होतं.

थोरलीच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात जायची त्यांनी बायकोकडून दोनदा तालीम करून घेतली होती, बॅग आणि टॅक्सीसकट. तिसऱ्या खेपेला खरोखरच कळा सुरू झाल्या तेव्हा टॅक्सीवाल्याने "आजही तालीमच ना?" असं विचारून आधी आपला चहा संपवला. थोरली टॅक्सीतच झाली नाही ही तिची कृपा. साहेबांनी या प्रसंगातून धडा घेतला तो असा, की दोन तालमी पुरत नाहीत.

तर असे हे शिट्टीसाहेब बायकोला विश्रांती द्यायला निघाले.

बायको वीज कंपनीच्या तक्रार कक्षात फोनवर बसायची. अंधारात बसलेली माणसं दिवसभर तिला फोन करत आणि ती प्रत्येकाला सांगायची, की आपली तक्रार नोंदवली आहे, आमचा माणूस निघाला आहे. संध्याकाळी घरी आली की उजेडातली माणसं सुरू होत. थोरली नुकती शाळेत जाऊ लागली होती आणि तिला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असे. धाकट्याला कारण नको असे, वस्तू हवी असे. एका संध्याकाळी थोरलीने बाथरूममधून, धाकट्याने टेबलाखालून आणि साहेबांनी गॅलरीतून एकाच वेळी तिला हाक मारली. साहेबांना नेलकटर हवं होतं. ती गॅसपाशी उभी होती. तिने हातातला डाव कानाला लावला आणि शांतपणे म्हणाली, "आपली तक्रार नोंदवली आहे. आमचा माणूस निघाला आहे." मग डाव पुन्हा पातेल्यात घालून ढवळायला लागली.

साहेबांनी गॅलरीतून ते ऐकलं. आगीच्या आधी धूर दिसतो, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणार. नेलकटर आपलं आपण शोधून ते स्वयंपाकघरात आले आणि फ्रिजला टेकून उभे राहिले.

"आपण परदेशात जाऊ," ते म्हणाले. "एकदम आरामात. तू इकडची काडी तिकडे करायची नाहीस."

"मला काही बघायचं नाहीये रे," ती म्हणाली. "फक्त कुणी मला हाक मारता कामा नये."

"शब्द दिला," साहेब म्हणाले.

साहेबांनी शब्द दिला म्हणजे दिला. कारखान्यात त्यांनी एकदा कॅन्टीनवाल्याला वाळूची बादली देतो म्हणून शब्द दिला होता, तर स्वतः खांद्यावरून वाळू आणली होती.

पहिला बेत खरोखरच साधा होता. समुद्रकाठचं एक लहानसं गाव, एक हॉटेल, वाळूत दोन आरामखुर्च्या. हा बेत घेऊन ते प्रवास कंपनीत गेले. तिथल्या बाईंनी तो वाचला, चष्मा काढला आणि घरात कोणी आजारी आहे का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं. एवढं विमानाने लांब जायचं आणि एकाच जागी बसायचं, हे त्यांच्या कंपनीत आजवर कोणी केलेलं नव्हतं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एक राजधानी होती. ती न बघता परत येणं म्हणजे ताकाला जाऊन ताक न घेता परत येणं. साहेबांनी राजधानी घातली.

इमारतीत बातमी फुटली. तळमजल्यावरच्या मावशी एकदा परदेशात जाऊन आल्या होत्या आणि अजून पुरत्या परत आल्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं, की राजधानी बघितली आणि धबधबा नाही बघितला तर लोक तोंडावर हसतात. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं, की लहान मुलांच्या कानांना लांबचं विमान सोसत नाही. त्यापेक्षा छोटी छोटी दोन विमानं घ्यावीत आणि मध्ये कुठेतरी उतरावं. दाताच्या डॉक्टरने कानाबद्दल सांगितलेलं का ऐकावं, असा प्रश्न साहेबांना पडला नाही. कारखान्यातल्या भांडारपालाने आपण कुठेही गेलो नसल्यामुळे निःपक्षपातीपणे बर्फ सुचवला. आणि सासूबाईंनी फोनवरून आठवण करून दिली, की त्यांची मावसबहीण वाटेवरच राहते. नकाशात ती वाटेवर नव्हती. पण सासूबाईंच्या वाटेवर होती, त्यामुळे प्रश्न मिटला.

आता एवढी धावपळ म्हटल्यावर दमणूक होणार हे उघडच होतं. म्हणून साहेबांनी दूरदृष्टीने मध्ये एक विश्रांतीचा मुक्काम घातला. विश्रांतीच्या मुक्कामाला पोचायला भल्या पहाटे उठावं लागत होतं, तेव्हा त्याच्या आदल्या दिवसाची विश्रांती करायला आणखी एक मुक्काम आला. सगळं मिळून सात मुक्काम झाले. साहेबांनी कारखान्यातून मोठा कागद आणला, त्यावर प्रवास तांबड्या रंगाने आणि आराम हिरव्या रंगाने दाखवला आणि तो जेवणाच्या खोलीत भिंतीवर लावला.

बायकोने ऑफिसातून येऊन पर्स न उतरवता तो पाहिला.

"यात हिरवं कुठंय?"

"हे काय, इथे."

"ही रेघ आहे."

"हो. पण हिरवी आहे ना."

तिने पर्स उतरवून खुंटीला अडकवली. साहेबांनी याचा अर्थ बेत पसंत पडला असा घेतला आणि कामांची वाटणी समजावून सांगितली. तिने काहीच करायचं नव्हतं. फक्त मुलांचं तेवढं बघायचं होतं. फक्त कपड्यांच्या बॅगा, औषधं आणि प्रत्येक मुक्कामाला निघताना मागे काही राहिलं नाही ना एवढंच पाहायचं होतं. बाकी सगळा भार साहेब स्वतः उचलणार होते. त्या भाराला कागदावर त्यांनी 'सर्वसाधारण देखरेख' असं नाव दिलं होतं.

पासपोर्टच्या फोटोपाशी घोडं अडलं. फोटोत डोळे उघडे आणि तोंड मिटलेलं हवं, असा नियम आहे. तो करणाऱ्याने धाकट्याला पाहिलेलं नसावं. धाकट्याचं तोंड मिटलं की डोळे मिटत आणि डोळे उघडले की तोंड उघडे. आत एकच बटण असावं. फोटोवाल्याने आधी खुळखुळा वाजवला, मग कुत्र्यासारखा भुंकला, शेवटी हात टेकले. दुसऱ्या फोटोवाल्याकडे बायकोने पांढरी चादर अंगावर घेऊन, खुर्ची बनून त्याला मांडीवर बसवलं आणि फोटो साधला. तो कचेरीतून परत आला, कारण मुलाच्या हनुवटीखाली एक अनोळखी बोट होतं. बोट आईचं आहे, असं साहेबांनी लेखी कळवलं. कचेरीने उलट कळवलं, की मग बोटाचा अर्ज वेगळा करावा. निदान साहेबांना तरी त्या पत्राचा अर्थ तसा लागला. शेवटी धाकट्याला ताप आला असताना एक अतिशय सुंदर, गंभीर फोटो निघाला. त्यात तो एखाद्या बँकेचा संचालक दिसत होता.

व्हिसाच्या खिडकीवरही कमी का झालं. धाकट्याच्या व्यवसायाच्या रकान्यात साहेबांनी 'बालक' लिहिलं, तर खिडकीमागच्या कारकुनाने कधीपासून, असं विचारलं. बायकोच्या अर्जात प्रवासाचा उद्देश 'आराम' होता. कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला. पर्यटन होतं, व्यापार होता, शिक्षण होतं, उपचार होता. आरामाला रकानाच नव्हता. साहेब नियमावर बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात बायको मागून म्हणाली, "उपचार लिहा." कारकुनाने तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता लिहिलं.

व्हिसा आले, तिकिटं निघाली. तिकिटांवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की ही कुठल्याही कारणास्तव रद्द होणार नाहीत किंवा पुढे ढकलता येणार नाहीत. साहेबांना ही भाषा फार आवडली. आता उरली होती ती तालीम.

इमारत परदेशासाठी सोयीची होती. डॉक्टरांच्या दवाखान्यातली बसायची खोली रविवारी मोकळी असे. एकमेकांना जोडलेल्या खुर्च्या, जुनी मासिकं आणि आतून येणारा चिंतेचा वास यांमुळे तिला विमानतळ म्हणायला काहीच हरकत नव्हती. लिफ्ट म्हणजे विमान. मावशींचं घर दुसरा देश, गच्ची म्हणजे समुद्र. आणि पहिला देश म्हणून साहेबांनी सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या शिक्केकाकांचं घर निवडलं. इथे त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

शिक्केकाकांची सगळी नोकरी विमानतळावर परदेशी पाहुण्यांचे पासपोर्ट तपासण्यात गेली होती. निवृत्त झाल्यापासून ते इमारत समितीचे सचिव होते, पण त्यात त्यांचं मन रमत नव्हतं. दूधवाल्यालाही ते किती वेळ थांबणार असं विचारत. साहेबांनी तालमीची कल्पना सांगितली तेव्हा काकांनी टीव्ही बंद केला. काकू स्वेटर विणत होत्या, त्यांनी सुया थांबवल्या. त्या घरात मूल नव्हतं, आणि काकूंना बोलायची सवय नव्हती. ते खातं काकांकडे होतं.

"तालीम करायची तर खऱ्या कागदांवर करा," काका म्हणाले. "खोट्या कागदांवर मी आयुष्यात काम केलेलं नाही."

साहेबांना हे तत्त्व इतकं पटलं, की त्यांचे डोळे भरून आले.

रविवारी सकाळी ते कुटुंब बॅगांसह डॉक्टरांच्या खुर्च्यांवर जाऊन बसलं. साहेबांच्या गळ्यात शिट्टी होती. विमान उशिरा आलं, कारण लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू आपली सायकल घेऊन अडकले होते. ते निघाल्यावर विमान सुटलं, तर धाकट्याने सगळी बटणं दाबली आणि ते मजल्यामजल्यावर थांबत गेलं. प्रत्येक ठिकाणी दार उघडून कोणी ना कोणी चौकशी करी. साहेब "प्रवासात आहोत" एवढंच सांगत. वर पोचेपर्यंत थोरलीने दोनदा, धाकट्याने पुष्कळदा आणि साहेबांनी एकदा "आई कुठे आहे" असं विचारून झालं होतं. लिफ्टमध्ये ती त्यांच्या मधोमध उभी होती.

वरच्या मजल्यावर काका दाराच्या चौकटीत टेबल टाकून बसले होते. अंगात जुना गणवेशाचा कोट, टेबलावर शाईची उशी. ओळखीचं हसू नाही. रोज जिन्यात भेटल्यावर मान हलवणारे काका ते हे नव्हेतच.

"एकेकाने पुढे या," ते म्हणाले.

साहेबांनी दाक्षिण्य म्हणून बायकोला पुढे केलं. काकांनी तिचा पासपोर्ट उघडला. फोटो लग्नानंतर लगेचचा होता. ते कधी फोटोकडे बघत, कधी तिच्याकडे.

"या फोटोतल्या बाईंची झोप झालेली दिसते."

"हो. मीच आहे ती."

"प्रवासाचा उद्देश?"

"आराम."

"मुक्काम किती?"

"मिळेल तेवढा."

काकांनी शिक्का उचलला, शाईच्या उशीवर टेकवला आणि दाणकन हाणला. टेबल थोडं सरकवून त्यांनी तिला आत घेतलं. आतून काकूंनी काही न बोलता तिचा हात धरला आणि तिला पलीकडच्या खोलीत नेलं.

मग थोरली पुढे झाली. तिला सामानात काही खाण्याचे पदार्थ आहेत का, असं विचारलं. थोरली खोटं बोलत नसे. "बिस्किटं आहेत, पण बाबांनी सांगितलंय ते सांगायचं नाही," ती म्हणाली. काकांनी पेन खाली ठेवलं. मग धाकट्याचा फोटो पाहिला, धाकट्याला पाहिलं. फोटोतल्या इसमाचं तोंड मिटलेलं होतं, समोरच्याचं नव्हतं. ओळख पटत नव्हती. तोंड मिटवून आणा, असं त्यांनी सांगितलं. साहेबांनी तळहाताने ते मिटवून पाहिलं, तर डोळे मिटले आणि आतून बोंब निघाली.

"तिघांना प्रवेश नाही," काका म्हणाले. "पदार्थ लपवणं आणि ओळख न पटणं. मुलं अज्ञान आहेत, त्यांच्याजवळ जबाबदार माणूस पाहिजे. दुसरं कोणी नाही म्हणून तुम्ही." त्यांनी टेबल आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

साहेब हसले. जिन्यात हसायला दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी बेल वाजवायला हात उचलला, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की बेल वाजवली तर आत ती उठेल. घराची किल्ली तिच्या पर्समध्ये होती आणि पर्स परदेशात होती. किल्ली मागायची तर तिला हाक मारावी लागणार. आणि तिला कोणी हाक मारायची नाही, असा त्यांनी शब्द दिला होता. शब्द जिन्यातही लागू होतो की नाही, यावर त्यांनी थोडा विचार केला. लागू होत होता.

मग जे सुरू झालं त्याची कुठल्याही मोठ्या कागदावर नोंद नाही. धाकट्याने पहिल्या पायरीवर बसून आईच्या नावाने टाहो फोडायला सुरुवात केली, तेव्हा साहेबांनी त्याला उचलून दोन मजले खाली नेलं. तोच थोरलीने वरून विचारलं, की आपण आता कोणत्या देशात आहोत. कोणत्याच नाही, असं सांगितल्यावर तिला त्याचं कारण हवं होतं. तिला कारण देईपर्यंत धाकट्याला शू लागली. डॉक्टरांच्या दवाखान्याला कुलूप लागलं होतं. मावशींकडे नेलं, तर त्यांनी दुसरा देश या नात्याने आधी बिस्किटं जप्त केली आणि मग वाट दिली, पण तोपर्यंत वाटेची गरज उरली नव्हती. कोरडी चड्डी बॅगेत होती. बॅग उघडल्यावर वर काय आहे आणि खाली काय आहे, हे साहेबांना कळेना. सगळं नीट रचलेलं होतं, त्यामुळे काहीच सापडत नव्हतं. थोरलीने सांगितलं, की आई हात घालते आणि ते येतं.

येणारेजाणारे थांबून सल्ला देत होते. सायकलवाले म्हणाले, मुलांना खेळात गुंतवा. साहेबांनी शिट्टी काढून दिली. ती धाकट्याने एकदाच वाजवली, तर तीन दारं उघडली. शिट्टी परत घेतल्यावर जो आकांत झाला त्याला तोड नव्हती. शेवटी साहेब त्याला खांद्यावर टाकून वरखाली फिरू लागले, आणि थोरली मागून कोट धरून चालू लागली. लिफ्ट आता कायमची बंद पडली होती. दुपार कलली तेव्हा त्यांचा सदरा बाहेर आला होता, एका खांद्यावर लाळ होती, आणि आपण आज सकाळपासून बसलेलो नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. एवढ्या वेळात कारखाना तीनदा रिकामा झाला असता.

थकून ते पुन्हा वरच्या दारापाशी आले आणि हळू आवाजात काकांना हाक मारली. दाराच्या भोकात डोळा आला.

"काका, अहो, झाली आता तालीम. घ्या आत."

"प्रवासाचा उद्देश?"

"आराम," साहेब वैतागून म्हणाले.

"कोणाचा?"

साहेबांनी मान वळवून पाहिलं. खांद्यावर धाकटा उघड्या तोंडाने झोपला होता.

"तिचा," ते म्हणाले.

"त्या झोपल्या आहेत," आतून काका म्हणाले. "मग अडचण काय आहे?"

साहेब पायरीवर बसले. लाज वाटली, खरोखर वाटली, आणि ती झटकायला एकही हात मोकळा नव्हता.

संध्याकाळी दार उघडलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर उशीच्या अभ्र्याची घडी उमटली होती आणि खांद्यावर काकूंची शाल होती. तिने सावकाश आळस दिला. साहेब तिच्याकडे बघतच राहिले. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता, फोटोतलाच होता. तो अजून तिच्याजवळ आहे याचा त्यांना विलक्षण आनंद झाला आणि आपण तो किती दिवसांत पाहिला नाही याचं वाईट वाटलं.

"काकूंनी एक शब्द विचारला नाही मला," ती म्हणाली. "एक शब्द."

मग तिने पासपोर्ट उघडून पुढे धरला. व्हिसाच्या बरोबर मधोमध, गोल आणि ठसठशीत शिक्का बसला होता. 'इमारत समिती. मिळाले.'

साहेबांनी तो दोनदा वाचला. व्हिसा गेला, पासपोर्ट बाद झाला. नवा करायचा, त्यावर नवा व्हिसा घ्यायचा, तोवर तिकिटांची तारीख उलटून जाणार. ते काकांकडे वळले. काका कोट काढून खुंटीला लावत होते.

"काका, अहो, खऱ्या पासपोर्टवर! चुकून पडला का हो?"

"माझा शिक्का आजवर चुकून पडलेला नाही," काका म्हणाले आणि टीव्ही लावला.

ते घरी आले. मुलं जेवताजेवताच पेंगली. साहेबांनी भिंतीवरच्या कागदासमोर उभं राहून सांगितलं, की सहल बुडाली, सगळंच बुडालं, आणि दोष आपला आहे. ती हात पुसत येऊन शेजारी उभी राहिली.

"बुडाली कशाला? तुम्हा तिघांचे पासपोर्ट चांगले आहेत की. तुम्ही तिघं जाऊन या."

"मी? एकटा? या दोघांना घेऊन?"

"का? आरामशीरच आहे ना?" ती म्हणाली. "तूच तर आखलीयस."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. साहेबांनी तोंड उघडलं, पण धाकट्याप्रमाणे त्यांचंही डोळ्यांशी काहीतरी जोडलेलं असावं. त्यांनी दोन्ही मिटून घेतली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आल्या आल्या ते कागदाशी बसले. आपण दोन मुलांना घेऊन विमान बदलतो आहोत, असं त्यांनी मनाशी चित्र काढलं आणि ते बदलणं आधी खोडलं. बर्फात दोघांना पायमोजे घालायचे आठवले, बर्फ गेला. राजधानीत जिने असणार, राजधानी गेली. धबधब्याला कठडा असतो की नाही याची कोणालाच खात्री नव्हती. मावसबहिणीला त्यांनी जरा कचरत खोडलं, पण खोडलं. विश्रांतीचे दोन्ही मुक्काम, मध्ये कशाचीच दमणूक उरली नाही तेव्हा, आपोआप निघाले. मग प्रवास कंपनीच्या बाईंना फोन करून त्यांनी मधल्या सगळ्या हॉटेलांना नकार कळवला. समुद्रकाठचं गाव आणि तिथून परत, एवढंच ठेवा, बाकीच्या तिकिटांचे पैसे बुडाले तरी चालतील, असं म्हणाले. नुसतं एकाच जागी बसणार का, असं बाईंनी विचारलं. हो, बसणार, असं साहेब म्हणाले, आणि खोलीत बाथरूम दारापासून किती लांब आहे हे तेवढं विचारून घेतलं.

बायको ऑफिसातून आली तेव्हा भिंतीवर नवा कागद होता. दोन्ही टोकांना थोडंथोडं तांबडं आणि मध्ये सगळं हिरवं. तिने पर्स खाली ठेवली आणि तो शांतपणे, पुन्हा पुन्हा वाचला.

"हे असं असतं ना," ती म्हणाली, "तर मीही आले असते."

आणि आत जाऊन तिने बाथरूमचं दार लावून घेतलं. धाकटा लगेच उठून त्या दाराशी गेला आणि ठोठावायला हात उचलला. शिट्टीसाहेबांनी त्याला तसाच उचलला, थोरलीचा हात धरला आणि दोघांना घेऊन ते जिना उतरून खाली गेले.